उशीतली हवा

त्या दिवशी मी वहिनींकडे गेलो होतो तो फक्त पायपंप परत द्यायला. माझ्या दुकानातला पंप बिघडला म्हणून दादाचा आणला होता, चार दिवसांसाठी, आणि त्या चार दिवसांचे बघता बघता काही महिने झाले होते. आमच्या घराण्यात उसन्या वस्तू अशाच परत होतात. दादा असता तर त्याने दारातच विचारलं असतं, "नेलास तेव्हा नळी किती लांब होती?" पण दादा नव्हता, म्हणून मी गेलो.

तू बोट मागायला आलास म्हणून हे सांगतोय, नाहीतर मी कोणाजवळ बोलत नाही. बोट खुशाल घेऊन जा, पोरांना तलावात फिरव. फक्त मधली बसायची उशी मागू नकोस. बस जरा. तो दिवा इकडे सरकव, मला हे पंक्चर नीट दिसत नाहीये. हात चालू राहिले की बोलायला बरं पडतं.

दादाला तू पाहिलं असशील, पण तो काय प्रकार होता ते तुला ठाऊक नाही. जन्मभर वजनकाट्यावर नोकरी केली त्याने. मालाची गाडी आली की काट्यावर उभी करायची, वजन लिहायचं. रिकामी होऊन परत आली की पुन्हा उभी करायची, पुन्हा लिहायचं. दोन्हींतला फरक तिसऱ्या रकान्यात. हे त्याच्या रक्तातच भिनलं होतं. घरातली गॅसची टाकी, वहिनींचा लोकरीचा गुंडा, मुलीचं दप्तर, सगळ्याचं जाताना किती आणि येताना किती हे त्याला माहीत असायचं. वहिनी म्हणायच्या, "लग्नाआधी मला तेवढं काट्यावर उभं करायचं राहिलं." त्यावर तो गंभीरपणे म्हणायचा, "राहिलं खरं."

निवृत्त झाल्यावर त्याने ही रबरी बोट घेतली. राखाडी, छोटी. दोन्ही कडांना फुगवायच्या दोन जाड नळ्या, खाली तळ, आणि मधे आडवी बसायला एक उशी, तीही फुगवायचीच. पाण्यात सोडली की मागची बाजू हलवत चालायची, म्हणून आम्ही तिला बदक म्हणायचो. दर रविवारी सकाळी दादा आणि मी बदक घेऊन तलावावर जायचो, समोरच्या काठापर्यंत वल्हवत जायचं, थोडं बसायचं, परत यायचं. एवढंच. पण त्याची नोंद व्हायची. लांबट वही, आखलेले रकाने. वारा कसा, पाणी कसं, बोटीत कोण कोण, नळ्यांची हवा, उशीची हवा. प्रत्येकाखाली जाताना आणि येताना. आणि शेवटी फरक.

मी हसायचो. म्हणायचो, "आपण काय सातासमुद्रापार निघालोय का?"

तो म्हणायचा, "लिहिलं नाही तर गेलो होतो कशावरून?"

हवा मोजायला यंत्र वगैरे काही नव्हतं. मी अंगठ्याने दाबून सांगायचो आणि तो लिहायचा. मऊ, बरी, टणक. एवढे तीनच शब्द. टायरचं दुकान चालवणाऱ्याचा अंगठा त्याला यंत्रापेक्षा भरवशाचा वाटायचा, आणि माझ्याबद्दल त्याने केलेलं कौतुक म्हणजे तेवढंच.

आता उशीचं ऐक. नळ्या पायपंपाने भरायच्या, पण उशीची झडप बारीक होती. पंपाचं तोंड तिला बसायचं नाही. मी म्हटलं होतं, दुकानात आण, जोड लावून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. पण दादाला ते नको होतं. तो काठावर मांडी घालून बसायचा, बूच काढायचा, झडपेला तोंड लावायचा आणि फुंकून फुंकून उशी भरायचा. म्हणायचा, "फुफ्फुसांना एवढं तरी काम हवं." काट्यावर आयुष्यभर धूळ खाऊन त्याची छाती पार खराब झाली होती, शेवटी शेवटी दोन जिने चढले की तो भिंतीला टेकायचा, तरी हे काम त्याने मला करू दिलं नाही. शेवटच्या फेरीला तर एक फुंकर मारायचा आणि डोळे मिटून थांबायचा. पुन्हा एक, पुन्हा थांबायचा. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. बघवत नव्हतं.

त्या थंडीत तो दवाखान्यात गेला तो परत आला नाही. वहिनी रात्रंदिवस त्याच्या उशाशी होत्या. तो शेवटी काय म्हणाला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. "म्हणाले, हवा पुरत नाही गं. भाऊजी, खोलीभर हवा होती. मी पोटभर घेत होते. आणि त्यांना पुरत नव्हती."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. स्वतःचा राग यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

तर मी पंप घेऊन गेलो. दादा गेल्यापासून बदक व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. नळ्यांची हवा उतरून त्यांना सुरकुत्या पडल्या होत्या, त्यात नवल नाही. हवा हा माझा धंदा आहे. हवा कायमची धरून ठेवील अशी वस्तू अजून जन्माला यायचीय. नवीकोरी ट्यूब भरून ठेव आणि महिनाभराने बघ, नरम पडलेली असते. म्हणून सवयीने मी उशीवर अंगठा दाबला, तर ती बरी होती. मऊ नाही, चांगली बरी.

"वहिनी, यात हवा भरली का कोणी?"

त्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "नाही. आणि काढायचीही नाही. त्यांची आहे ती."

मी अंगठा पटकन काढून घेतला. खरंच की, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दादाचे कपडे वाटून झाले, चष्मा ठकीने नेला, ठकी म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन लांब दुसऱ्या गावी असते. सगळं गेलं, आणि त्या उशीत मात्र दादाचा श्वास होता. बूच लावलेला.

मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला एकदा न्याल का बोटीतून?"

संसारभर ही बाई त्या बोटीत पाय ठेवायला तयार नव्हती. पाण्याला घाबरायच्या. मी पंप तसाच खाली ठेवला, नळ्या भरल्या, आणि रविवारी आम्ही निघालो. बोटीत बसताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, पण एकदा उशीवर टेकल्या आणि शांत झाल्या. पाण्याकडे बघत राहिल्या. परत येऊन उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कितीतरी महिन्यांनी मोकळा पाहिला. मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, दुःखाला कुठेतरी वाट मिळाली.

त्यांनी पिशवीतून वही काढली. दादाचीच. शेवटच्या फेरीखाली एक ओळ सोडून त्यांनी तारीख घातली आणि माझ्याकडे बघितलं. मी अंगठा दाबून सांगितलं. नळ्या, जाताना टणक, येताना बऱ्या. उशी, जाताना बरी, येताना...

मी पुन्हा दाबली. "टणक."

त्यांनी तसं लिहिलं आणि फरकाच्या रकान्यापाशी थांबल्या. "असं होतं का?"

"ऊन आहे ना. उन्हाने हवा फुगते," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. उन्हात उभ्या गाडीचं टायर बघ कधी हात लावून. पण घरी चालत येताना माझ्या मनात आलं, मग नळ्यांना काय सावली होती?

आम्ही दर रविवारी जाऊ लागलो. वही वहिनी लिहायच्या, अगदी दादाच्या पद्धतीने, फक्त अक्षर गोल. ढग असले तरी तेच, वारा असला तरी तेच. नळ्यांची हवा उतरायची आणि उशीची चढायची. फरकाच्या रकान्यात त्या आधी 'थोडा' लिहायच्या, मग 'बराच' लिहू लागल्या. मी एकदा घरी साबणाच्या पाण्याने उशी सगळीकडून तपासली, बूच तपासलं. बुडबुडा म्हणून येईना. आता हवा बाहेर जात नाही हे समजू शकतो, चांगलं रबर असेल. पण बंद वस्तूत आत कुठून येते? मला वाटलं, वहिनीच माझ्या नकळत फुंकतात. म्हणून मग मी बूच घट्ट बसवून वर चिकटपट्टीचा वेढा दिला आणि टोकाला माझी बारीक खूण केली. पुढच्या रविवारी पट्टी जशीच्या तशी होती. उशी टणक होती.

आणि तशीही त्यांना फुंकायला ताकद कुठे होती? ते मी आधी सांगायला हवं होतं. वहिनींना धाप लागू लागली होती. आधी मला वाटलं वय झालं, घरात बसून राहिल्या, म्हणून असेल. पण मग तलावावरून रस्त्यावर येणारा छोटासा चढ, तो चढताना त्या थांबू लागल्या. मग घरच्या जिन्यात. मग बोलताना, वाक्याच्या मधेच. फोनवर ठकीला ते जाणवलं आणि तिने माझ्यामागे टुमणं लावलं. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले गृहस्थ, नीट तपासलं, छातीचा फोटो काढला, उजेडावर धरून मला दाखवला. काही नाही. छाती स्वच्छ. "झोप घ्या, चिंता सोडा," म्हणाले. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "मला कसली चिंता? मी मजेत आहे."

आणि त्या खरंच मजेत होत्या. मला त्याचंच जास्त भ्यायला व्हायचं. रंग उडालेला, ओठ निळसर, आणि चेहऱ्यावर समाधान.

त्यानंतरच्या रविवारी धुकं होतं. दिवस बराच वर आला होता, पण तलावावर पांढरं दाट धुकं बसलं होतं आणि वारा अजिबात नव्हता. इतका नव्हता की वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी ऐकू यायचं. दोन्ही काठ दिसेनासे झाले. ओल्या रबराचा आणि शेवाळाचा वास येत होता. मी म्हटलं जरा थांबू, धुकं हटलं की पुढे जाऊ, आणि वल्ही आत घेतली. माझ्यासमोर वहिनी उशीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, डोळे मिटलेले.

त्या शांततेत मला ते ऐकू आलं.

वहिनींनी श्वास सोडला आणि खालच्या उशीचं रबर करकरलं. अगदी बारीक. भरत आलेलं टायर करकरतं ना, तसं. त्यांनी श्वास घेतला, उशी गप्प. सोडला, पुन्हा करकरली. मी माझा श्वास रोखून ऐकत राहिलो. त्या सोडत होत्या त्याची वाफ धुक्यात दिसायला हवी होती. माझ्या तोंडासमोर वाफ होती. त्यांच्या तोंडासमोर काहीच नव्हतं.

"वहिनी..." मी म्हटलं. "वहिनी, उठा तिथून. इकडे माझ्याजवळ या."

त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. "थोडा वेळ... भाऊजी. थोडाच."

मी वल्ही मारली. आयुष्यात इतकी जोरात कधी मारली नसतील. काठाला लागल्यावर त्यांना उतरवलं तर पाय टेकेनात. तो चढ मी त्यांना जवळजवळ उचलूनच चढवला, आणि सांगतो, त्यांचं वजन मला जाणवलं नाही. दादाला ते नक्की जाणवलं असतं.

घरी त्यांना आत निजवलं, बदक व्हरांड्यात आणलं आणि उशीवर हात ठेवला. अंगठा दबतच नव्हता. दगड. मी चिकटपट्टी नखाने सोडवायला घेतली. एकीकडे वाटत होतं, यात माझा भाऊ आहे. जे काही उरलंय ते एवढंच आहे, आणि मी ते असं व्हरांड्यात फुस्स करून सोडणार, एखाद्या सायकलच्या ट्यूबसारखं? आणि दुसरीकडे आत त्या बाईचा श्वास मला भिंतीतून ऐकू येत होता. तो असाच चालला तर थंडी संपेपर्यंत पुरणार नाही, हे सांगायला डॉक्टर नको होता.

"नका भाऊजी."

त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या. कशा उठल्या देव जाणे.

"वहिनी, तुम्हाला समजत नाहीये. ही उशी..."

"समजतंय. पहिल्या दिवसापासून समजतंय." त्या हळूहळू खाली बसल्या, उंबऱ्यावर. एकेक शब्द तोडून बोलत होत्या. "ते काही घेत नाहीयेत. तुम्हाला वाटतंय तसं नाही. मी देतेय. तेव्हा मला... देता आला नाही. बघत बसले. आता देता येतोय, तर का नको देऊ?"

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मी उगीचच चिकटपट्टीची गोळी करत बसलो. मग जे तोंडात आलं ते बोललो.

"दादाला विचारलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही, म्हणजे ज्या माणसाने दुसऱ्याची एक गोणी कधी आपल्या काट्यावर चढू दिली नाही, त्याला तुम्ही विचारलंत का? तो घेईल? तुम्ही पायरीवर धापा टाकताय आणि तो तुमच्या वाटची हवा घेऊन टणक होऊन बसेल? माझ्या भावाला मी तुमच्याआधीपासून ओळखतो वहिनी. तो पहिली गोष्ट काय करील, तर फरक लिहील. आणि दुसरी गोष्ट, गाडी परत पाठवील."

मग त्या हसल्या, धाप लागेपर्यंत हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिथेच खाली बसून राहिलो. शेवटी त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"पुढच्या रविवारी," त्या म्हणाल्या. "पाण्यावर. पण बूच मी काढणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"पुढच्या रविवारी नाही. उद्या," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. लख्ख सकाळ होती, काठावर बगळे, लांब कोणीतरी कपडे धूत होतं त्याचा आवाज. भीती वाटावी असं काहीही नव्हतं. मी तलावाच्या मधोमध बोट थांबवली. उशी सुटली तरी नळ्या होत्या, बुडायची भीती नव्हती. वहिनी तळावर गुडघे टेकून बसल्या आणि उशी त्यांच्यापुढे. त्यांनी तिच्यावर हात फिरवला. काहीतरी पुटपुटल्या, ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं.

बूच निघालं. बारीक फुस्स झालं आणि वास आला. खोकल्याच्या गोळ्यांचा. दादाच्या खिशात कायम असायच्या त्या. मी पटकन दुसरीकडे बघितलं.

तो आवाज थांबला म्हणून मी वळून पाहिलं.

वहिनींनी झडपेला तोंड लावलं होतं.

मी काही बोलायच्या आत उशी दबू लागली. त्या आत ओढत होत्या. शांतपणे, घाई न करता, तान्हं मूल पितं तसं. मला वाटलं, आता थांबतील, आता मान वर करतील. माणूस किती वेळ नुसता आत ओढू शकतो? कधीतरी सोडावा लागतो ना? त्यांनी सोडला नाही. मी बघत होतो, एकदाही नाही. उशीला सुरकुत्या पडल्या, ती चपटी झाली, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या, आणि तेव्हा कुठे त्यांनी तोंड बाजूला केलं आणि बूच लावून टाकलं.

त्यांच्या गालावर रंग आला होता.

"झालं," त्या म्हणाल्या. स्पष्ट, एका दमात. "चला भाऊजी, भूक लागली मला."

काठावर उतरून त्यांनी वही लिहिली. उशीच्या रकान्यात 'सोडली' असं लिहून पुढची जागा कोरी ठेवली. चढ त्या माझ्यापुढे चढल्या. मी मागून बघत होतो, कुठे थांबतात का, पण त्या थांबल्या नाहीत. वर पोचून मलाच म्हणाल्या, "काय हो, दमलात?"

त्या दिवसापासून त्यांची तब्येत सुधारत गेली. खाऊ लागल्या, अंगावर मूठभर मांस चढलं, शेजारणीशी पूर्वीसारखं भांडणसुद्धा केलं. मी उशी कापून टाकली, ती का आणि कुठे टाकली ते जाऊ दे. मनात म्हटलं, आपलं चुकलं नाही. जे ज्याचं होतं ते त्याला मिळालं, बाई वाचली, आणखी काय हवं? झडपेला तोंड लावलं ते मी मायेच्या खात्यात टाकलं. नवऱ्याचा शेवटचा श्वास कोण हवेत सोडून देईल?

मग ठकी राहायला आली. आईला बघून तिचा जीव भांड्यात पडला. मी गेलो तेव्हा दुपार होती, वहिनी जेवून खोलीत आडव्या झाल्या होत्या, आणि ठकी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. इकडचं तिकडचं बोलली, नवऱ्याची नक्कल केली, मला हसवलं. मग साखर घालता घालता म्हणाली, "काका, एक गंमत सांगू? आई झोपेत श्वास कसा घेते ऐकलंत कधी?"

"कसा म्हणजे? घोरते का?"

"घोरत नाही हो. मी तिच्या शेजारीच झोपते ना, तर लक्षात आलं. एकदा आत घेते आणि दोनदा सोडते."

"दोनदा?"

"हो ना. एकदा घेतला, एकदा सोडला, आणि मग जरा थांबून अजून एकदा सोडला. न घेताच. रात्रभर तसंच. मी करून बघितलं, मला जमलं नाही." ती हसली आणि कपात चहा गाळू लागली. "वयाने होत असेल नाही?"

"होत असेल," मी म्हणालो.

मी उठून खोलीच्या दाराशी गेलो. पडदे ओढलेले होते, आत पिवळसर उजेड होता. वहिनी कुशीवर निजल्या होत्या, एक हात गालाखाली. चेहरा इतका निवांत होता की आपण इथे उगीच आलो असं वाटलं. मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर टेकलो आणि ऐकू लागलो.

श्वास आत गेला. छाती वर आली. श्वास बाहेर आला, छाती खाली गेली. हलका, झोपलेल्या बाईचा. मग छाती तशीच खाली असताना, जरा मागून, आणखी एक श्वास बाहेर आला. तो हलका नव्हता. दमलेला होता, खरखरीत. जिना चढून भिंतीला टेकलेल्या माणसाचा.

पुन्हा आत एक. बाहेर दोन.

मी तिथून उठलो नाही. माझा भाऊ होता तो. किती वर्षं मी त्याच्यासमोर बसून वल्ही मारली होती. मी पुढे वाकलो आणि अगदी हळू म्हटलं, "दादा...?"

वहिनींची छाती वर आली, खाली गेली. त्यांचा श्वास बाहेर आला. आणि त्याच्यामागून जो यायचा होता, तो आला नाही. मी वाट बघितली. वहिनींनी आणखी एक श्वास घेतला, सोडला. आणखी एक. दुसरा येईना. कोणीतरी आत कान देऊन थांबलं होतं.

मी उठलो. आवाज न करता खोलीबाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं. ते पूर्ण लागायच्या आत, मागे, इतका वेळ रोखून धरलेला श्वास कोणीतरी सावकाश सोडला.